पोटातला थर कुणाचा? सोलापुरात जुन्या साड्यांची गोधडी शिवून घेताना

कापडाचं गाठोडं सोडल्यावर गोधडी शिवणारी बाई पहिला प्रश्न कोणता विचारते, यावरून काम कसं होणार याचा बराचसा अंदाज येतो. ‘माप काय ठेवू?’ असं विचारणारी कामाची असते. ‘हे लुगडं कुणाचं?’ असं विचारणारी भेटली तर तिला सोडू नका, महिनाभर थांबावं लागलं तरी चालेल.

घरच्या जुनेरांची गोधडी सोलापुरात तीन ठिकाणी शिवून मिळते. पूर्व भागात विड्या वळता वळता फावल्या वेळात गोधड्या शिवणाऱ्या बायका आहेत. उन्हाळ्यात दारावर येऊन किंवा अंगणात बसून शिवून देणाऱ्या आहेत. आणि शिलाई मशीनवर रजईसारखी टीप मारून देणारी दुकानं आहेत. तिन्हीकडचं काम वेगळं, त्याचा उपयोगही वेगळा. दुकानांची नावं देण्यापेक्षा काम कसं पारखायचं आणि कुठे काय द्यायचं, तेच इथे लिहिलं आहे. हाताचं काम माणसागणिक बदलतं, पाटीवरून ते कळत नाही.

एकाच गल्लीत या वस्तूला मराठी घरात गोधडी किंवा वाकळ म्हणतात, कन्नड घरात कौदी, तेलुगू घरात बोंता. नाव कुठलंही घ्या, शिवण तीच: जुन्या मऊ कापडाचे थर एकावर एक आणि त्यांना धरून ठेवणारा धावदोरा. कापसाचा थर घालून केली तर ती रजई. सोलापूरच्या उन्हाळ्यात अंगाखाली घ्यायला आणि गड्ड्याच्या, म्हणजे जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांतल्या थंडीत अंगावर ओढायला एकच वस्तू हवी असेल तर ती गोधडीच. कापूस किंवा पॉलिस्टरचं भरण घातलेलं काहीही एप्रिलमध्ये अंगाखाली सहन होत नाही.

कापड किती द्यायचं

एका माणसाची पुरेशी गोधडी ५ फूट बाय ७ फूट, म्हणजे साधारण १५० बाय २१० सेंटिमीटर. साडीचा पन्हा ११५ सेंटिमीटरच्या आसपास असतो, म्हणून प्रत्येक थराला जोड द्यावाच लागतो. नऊवारी सव्वाआठ मीटर भरते. तिचे २१५ सेंटिमीटरचे तीन तुकडे निघतात. दोन तुकडे अखंड ठेवायचे आणि तिसरा उभा कापून त्याच्या पट्ट्या त्या दोघांना जोडायच्या, की एका नऊवारीत दोन थर बसतात. साडेपाच मीटरच्या पाचवारीतून दोनच तुकडे निघतात, त्यामुळे दोन पाचवारींत मिळून तीन थर होतात, तेही काटकसरीनं. सहा थरांची गोधडी हवी असेल तर तीन नऊवारी किंवा चार पाचवारी द्या. कुठे कापड विरलेलं निघणारच, म्हणून एक जादा ठेवा.

सहापेक्षा जास्त थर मागू नका. गोधडी जाड असली की ऊब जास्त, हा समज खरा. पण ती धुवायची कुणी? चार सुती साड्यांचं वजन दोन किलोच्या आसपास जातं, भिजल्यावर ते दुप्पट-तिप्पट होतं. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात नवरात्राआधीच्या धुण्यात आठ थरांची वाकळ म्हणजे दोन माणसांचं काम होऊन बसतं. मग ती धुतलीच जात नाही, माळ्यावर जाते आणि तिथेच कसर लागून संपते.

बाळाचं दुपटं ३ फूट बाय ३ फूट, दोन किंवा तीन थर. एका पाचवारीतून पाच चौकोन निघतात, म्हणजे एक तीन थरांचं आणि एक दोन थरांचं. बाळाच्या अंगाला लागणारा थर धोतराचा असावा. वर्षानुवर्षं धुतलेल्या धोतराइतकं मऊ कापड घरात दुसरं नसतं. ते घाम शोषतं, लवकर वाळतं आणि पांढरं असल्यामुळे रंग उतरायची भीती नाही. बाळाला पहिल्यांदा नवं कापड न लावता जुनेर लावायचं, या पद्धतीमागचं कारण असं अगदी साधं आहे. नव्या कापडात खळ असते, रंग कच्चा असू शकतो आणि धागा कडक असतो. आजोळहून येणारं दुपटं आजीच्या लुगड्याचं आणि आजोबांच्या धोतराचं असायचं. नातवाला पाहण्याआधीच त्याच्यासाठी केलेली ती सोय होती.

काय देऊ नये

सगळ्यात जास्त चूक इथे होते. लोक हौसेनं लग्नातला शालू किंवा पैठणी घेऊन येतात. रेशमाला घडीवर चिरा पडलेल्या असतात, सुई गेली की तिथून ते उसवत जातं. जरीच्या तारा काळ्या पडतात आणि अंगाला बोचतात. शालूची गोधडी करू नका. काठ काढून उशीच्या अभ्र्याला लावा किंवा कपाटात मलमलीत गुंडाळून ठेवा आणि दर दोन-तीन महिन्यांनी घडी बदला.

इरकल चालते, पण पदराचा लाल रंग तपासून. पांढरा कपडा ओला करून पदरावर जोरात घासा. कपडा गुलाबी झाला तर पदर वेगळा काढा, अंग वापरा. एका पदरानं सगळी गोधडी डागाळलेली पाहायला मिळते, आणि तो डाग पुढे कशानंही निघत नाही. नारायणपेठी सुती असेल तर उत्तम, फक्त जरीचा काठ आधी कापून घ्यायचा.

जॉर्जेट आणि इतर सिंथेटिक साड्यांचा प्रश्न अवघड आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकांनंतर घरोघरी ‘आईची रोजची साडी’ बहुतेक सिंथेटिकच, म्हणून आठवण जपायची तर तीच घालावी लागते. पण ती सुती थरावरून घसरते. सुती आटतं, ती आटत नाही, आणि तिसऱ्या धुण्यात जागोजागी फुगे येतात. घाम शोषत नाही, आगीजवळ वितळते. त्यामुळे अख्खा थर करू नका. सहा इंची चौकोन कापून वरच्या सुती थरावर ठिगळासारखे लावून घ्या, चारही कडा आत दुमडून. डोळ्यांना साडी दिसते, हाताला लागते, गोधडी मात्र सुतीच राहते. दुपट्यात तर सिंथेटिक अजिबात नको.

घरातली जुनी सोलापुरी चादर पोटात घालायची असेल तर एकच घाला, आणि तीही पार झिजलेली. भौगोलिक मानांकन असलेली ही चादर मुळात जाड आणि घट्ट विणीची. दोन चादरी एकत्र आल्या की सुई पलीकडे जात नाही, शिवणारी मग टाके लांब घेते आणि लांब टाका पायाच्या बोटात अडकून तुटतो. टर्किश टॉवेल नकोच. त्याच्या फाशांत पाणी राहतं आणि गोधडी आतून कुबट होते. गणवेशांच्या कारखान्यातल्या टेरिकॉटच्या कातरणी स्वस्त मिळतात म्हणून काही जण अस्तराला सुचवतात. टिकायला चांगल्या, अंगाला खरखरीत. सतरंजीसारखी खाली अंथरायची असेल तरच घ्या.

देण्याआधी घरी करायची कामं: साड्या धुवून खळ पूर्ण काढा, फॉल उसवा, पिको कापा, टिकल्या आणि हुक काढा. मग प्रत्येक कापड उजेडासमोर धरा आणि दोन अंगठ्यांनी ताणा. चर्र आवाज आला तर ते वरच्या थराला उपयोगाचं नाही, पोटात चालेल. नऊवारी बसण्याच्या जागी हमखास विरलेली असते, पदर शाबूत असतो. हे माहीत नसलेली शिवणारी पदर आत घालते आणि विरलेला भाग वर ठेवते.

शिवण कशी असावी

थर पसरून झाले की आधी मोठाले कच्चे टाके घालून सगळे थर एकमेकांना धरून ठेवायचे. हे काम वगळलं की पुढचं सगळं बिघडतं. गोधडी कडेनं सुरू होते आणि चौकोनात चौकोन करत मध्याकडे येते. कच्चा टाका नसेल तर प्रत्येक फेरीला कापड थोडं थोडं आत सरकतं आणि शेवटी मधोमध फुगा उरतो. मग तो दाबून शिवतात, तिथे घडी बसते आणि झोपणाऱ्याच्या पाठीला रोज लागते. गोधडी ताब्यात घेताना पहिला हात मधोमध फिरवा.

दोन ओळींत बोटभर, म्हणजे दोन सेंटिमीटरपर्यंत अंतर हवं. त्याहून जास्त असेल तर धुण्यात थर सरकतात, झोळ पडतो. दोरा जाड सुती, मेणावरून ओढून घेतलेला. पॉलिस्टरचा दोरा तुटत नाही, पण विरलेलं कापड तो करवतीसारखा कापतो. जुन्या कापडाला जुन्या कापडाइतकाच मऊ दोरा लागतो. दोरा तुटला तर पुन्हा घालता येतो, कापड फाटलं तर काही करता येत नाही.

आता कष्टाचा हिशेब पाहा. १५० बाय २१० सेंटिमीटरच्या गोधडीत दोन सेंटिमीटरवर ओळ धरली तर शिवणीची लांबी १५७ मीटर होते. आठ मिलिमीटरला एक टाका धरा, म्हणजे वीस हजारांना थोडे कमी टाके. मिनिटाला वीस टाके न थांबता पडले तरी नुसती सुई सोळा तासांच्या वर चालते. त्यात कापड उसवणं, जोड देणं, पसरणं, कच्चे टाके, गोट लावणं धरलेलं नाही. दोन दिवसांत हातशिवण करून देतो म्हणणाऱ्याकडे ओळी चार बोटांवर असणार किंवा आत मशीन असणार. मजुरी ठरवतानाही हाच हिशेब समोर ठेवा. सांगितलेल्या रकमेला तासांनी भागा, आणि येणारा आकडा आपण स्वतः घेतला असता का ते पाहा. आईच्या आठवणीसाठी गोधडी करायची आणि शिवणाऱ्या बाईशी पन्नास रुपयांवरून घासाघीस करायची, हे शोभत नाही.

मशीनच्या कामाबद्दल: कापड दणकट असेल, वसतिगृहात मुलाला द्यायची असेल, दर महिन्याला धुवायची असेल तर मशीनची गोधडी घ्या. लवकर मिळते, टीप सरळ असते. पण मशीनची टीप बारीक आणि ताणलेली असते. विरलेल्या लुगड्याला ती भोकांची रांग पाडते आणि काही धुण्यांनंतर कापड त्याच रेघेवर फाटतं. आजीचं नऊवारी मशीनखाली देऊ नका.

जुनी गोधडी घरात असेल तर

नवी करण्याआधी माळ्यावरची वाकळ खाली काढा. ती फेकायची नाही आणि अख्खी उसवायचीही नाही. एका कडेचा गोट वीतभर उसवा आणि थर पुस्तकाच्या पानांसारखे बोटांनी वेगळे करून पाहा.

गोधडी विरली की तिच्या दोन्ही अंगांना नवं जुनेर चढवून पुन्हा धावदोरा घालायची आपल्याकडची रीत. म्हणजे बाहेरचं कापड सगळ्यात अलीकडचं आणि पोटातलं सगळ्यात जुनं. वर फुलाफुलांची पाचवारी, तिच्या खाली नऊवारीचा काठ, त्याखाली जाडंभरडं पांढरं कापड आणि मधोमध कधी फेट्याचा तुकडा. १८७७ साली सोलापुरातली पहिली कापड गिरणी, म्हणजेच ‘जुनी गिरणी’, उभी राहिल्यावर या गावात गिरणीचं कापड घरोघर आलं, हातमाग तर आधीपासूनच होते. एका वीतभर कडेत हातमाग, गिरणी आणि सिंथेटिक असे तिन्ही काळ सापडतात.

घरातल्या मायेचाही माग इथेच लागतो. एकत्र कुटुंबात नवरा-बायकोनं चारचौघांत एकमेकांचं नाव घेणंही वर्ज्य होतं. वडील लेकराला मोठ्यांसमोर उचलून घेत नसत. बोलून दाखवायला जागाच नव्हती, पण कापडाला होती. भाऊबीजेची साडी, पहिल्या पगारातलं लुगडं, माहेरच्या ओटीतला खण. प्रत्येक कापड कुणीतरी कुणालातरी दिलेलं, आणि नेसून विरल्यावर तिसऱ्याच्या अंगाखाली गेलेलं. म्हणून घरातल्या वडीलधाऱ्या बाईला शेजारी बसवून प्रत्येक थर दाखवा. काठ पाहून ती सांगते. इरकलीचा चिक्कीपरास काठ कुणाचा, गोमी काठ कुणाचा, हे तिला अजून आठवत असतं आणि तिच्यानंतर कुणालाच आठवणार नसतं. हे काम पुढच्या उन्हाळ्यावर टाकू नका.

काय सापडत नाही, तेही पाहा. केशवपन केलेल्या विधवेचं आलवण, म्हणजे ती नेसायची ते तांबडं लुगडं, गोधडीत फारसं दिसायचं नाही, आणि बाळाच्या दुपट्यात तर नाहीच. अशुभ मानायचे. पण घरातली सगळी लेकरं जिनं सांभाळली आणि दुपारी ओसरीवर बसून वाकळा शिवल्या, ती अनेक घरांत हीच आत्या किंवा काकू. तिचं कापड आत नाही, टाके तिचे आहेत. हाताचा टाका अक्षरासारखा ओळखू येतो. कुणाचा बारीक आणि सरळ, कुणाचा उजवीकडे कललेला, कुणाची ओळ कोपऱ्यावर गोल वळणारी. एकाच घरातल्या दोन-तीन जुन्या गोधड्या शेजारी शेजारी पसरल्या की तोच हात पुन्हा दिसतो.

गेलेल्या माणसाचं कापड घालावं का, यावर घरोघरी मतं वेगळी. आमच्या मते घालावं, दुपट्यातसुद्धा. स्वच्छ धुतलेलं सुती कापड आहे, त्यात अशुभ काही नाही. पण घरात कुणाच्या मनाला लागणार असेल तर शिवायला टाकण्याआधी विचारा. नंतर कळल्यावर ती गोधडी कपाटातून बाहेर निघत नाही.

जुनी वाकळ पुन्हा चालू करायची असेल तर शिवणारीला स्पष्ट सांगा: जुने टाके उसवायचे नाहीत, वर आणि खाली एकेक थर चढवून त्यावरूनच नवा धावदोरा घालायचा. न सांगितल्यास ती सगळं उसवून चिंध्या वेगळ्या करते आणि ‘कामाचं’ तेवढं ठेवते. तिची चूक नसते, तिच्या दृष्टीनं ते चांगलं काम असतं.

ताब्यात घेताना आणि नंतर

चौघडी घालून कोपरे जुळतात का पाहा. मधोमध चिमूट धरून चोळा. थर एकमेकांवर सरकले तर ओळी विरळ आहेत. उलटी बाजू पाहा, गाठी आत दडवलेल्या हव्यात. दुपटं असेल तर त्यावरून सगळीकडे लोहचुंबक फिरवा. तुटलेल्या सुईचं टोक कापडात राहणं ही काही अगदीच न घडणारी गोष्ट नाही. चांगली शिवणारी काम सुरू करताना आणि संपवताना सुया मोजते.

पहिलं धुणं नुसत्या गार पाण्यात, एकटीचंच. नंतर रिठ्याचं पाणी किंवा सौम्य साबण, ब्लीच नको. बोअरच्या जड पाण्यानं सुती कापड कडक होतं, शेवटचं खळबळणं तरी नळाच्या पाण्यात करा. पिळू नका, दोरीवर आडवी टाकून निथळू द्या. ओल्या वजनानं टाके ताणतात, म्हणून एका दोरीऐवजी दोन दोऱ्यांवर पसरा. सकाळचं ऊन पुरे, दुपारचं ऊन रंग खातं. ठेवताना प्लास्टिकच्या पिशवीत नको, जुन्या धोतरात बांधून ठेवा आणि आत कडुलिंबाचा वाळलेला पाला टाका.

मागणी नोंदवायची तर होळीच्या आधी. उन्हाळ्यात बायकांना शिवायला वेळ असतो, कापड खडखडीत वाळतं आणि पावसाळ्याआधी गोधडी हातात येते. श्रावणात दिलेलं काम दमट कापडावर होतं, आणि तो वास पुढचं ऊन मिळेपर्यंत जात नाही.

एक गोष्ट मात्र अजून कुणी आपणहून करत नाही, सांगून करून घ्यावी लागते. मागच्या कोपऱ्यात दोन बाय चार इंचांची पांढरी सुती पट्टी शिवून घ्या. त्यावर आधी पेन्सिलनं लिहा, मग त्यावरून दोरा घाला. शाई धुण्यात पसरते. कोणतं कापड कुणाचं, कोणत्या साली शिवली, एवढं त्यात बसतं. खाली शिवणारीचं नाव घालायला जागा ठेवा. विचारल्यावर ती बहुधा ‘माझं कशाला’ म्हणते. दुसऱ्यांदा विचारा.